नोट सरकारची, रस्ता शहराचा. मग अडवणूक कोणाची?

मुंबईत मोटार चालविणे कठीण आणि ती उभी करावयास जागा मिळविणे त्याहून कठीण, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. आता या दोन कष्टांत तिसऱ्याची भर पडली आहे. जागा मिळते, खिशात पैसेही असतात. पण ते पैसे घ्यावयास कोणी तयार नसतो! गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील सशुल्क वाहनतळांवर काळ्यापांढऱ्या चौकोनांच्या संकेतचित्रांचे फलक झळकू लागले आहेत. नोट पुढे केली की ‘सुटे नाहीत, स्कॅन करा’ हे उत्तर ठरलेले. कोठे ॲप उतरवून घ्या म्हणतात, कोठे काचेवरच्या फास्टॅगची विचारणा होते. वीस मिनिटांच्या कामासाठी आलेला मनुष्य दहा मिनिटे पैसे देण्याच्या खटपटीत घालवितो, आणि मागे खोळंबलेल्या गाड्यांचे भोंगे त्याच्या नावाने ठणाणा करीत राहतात.

मोटारवाल्यांचे हे रडगाणे पहिल्या पानावर कशासाठी, असे लोकलच्या दारात लोंबकळत कचेरी गाठणारा वाचक आम्हाला विचारील. त्याचा प्रश्न रास्त आहे. पण वाहनतळावर गाडी उभी करणारा प्रत्येक जण धनिक असतो, ही समजूत सोडून दिली पाहिजे. पहाटे दादरच्या फुलबाजारात येणारा टेम्पोवाला, लालबागला मिरची कांडून घेण्यासाठी आलेले कुटुंब, भाड्याची टॅक्सी चालविणारा उत्तरेकडचा मनुष्य, हे सारे या तक्रारीचे वाटेकरी आहेत. आणि परळचे काय? के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून दूरदूरच्या रोग्यांचा आधार झालेले आहे. साताऱ्याहून, रत्नागिरीहून, विदर्भातून रोग्याला जीपमध्ये घालून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाच्या कनवटीला नोटा असतात. मोबाइलची बॅटरी मात्र वाटेतच मान टाकते. रोग्याला दारात उतरवून जीप वाहनतळाकडे वळविणाऱ्या त्या माणसाला ‘आधी नोंदणी करा, मग आलेला सहा आकडी परवलीचा शब्द घाला’ असे सांगणे ही सुधारणा नव्हे. तो निर्दयपणा आहे.

ही नवी पद्धत का आली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुनी पद्धत काही सोवळ्यातली नव्हती. पावती न फाडता पैसे घेणे, फलकावरच्या दरापेक्षा अधिक मागणे, विचारणाऱ्यावर डोळे वटारणे, हे प्रकार मुंबईकराने पुष्कळ सोसले आहेत. कंत्राटदाराच्या खिशात किती गेले आणि महापालिकेच्या तिजोरीत किती आले याचा हिशेब रोखीच्या व्यवहारात लागत नसे. प्रत्येक रुपयाची नोंद ठेवणारी पद्धत आली तर तिचे स्वागतच केले पाहिजे, आणि आम्ही ते करतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने या देशात जी क्रांती घडविली तिच्याकडे पाठ फिरविण्याइतके आम्ही कर्मठ नाही. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीपासून सराफापर्यंत सर्वांनी ही सोय आपलीशी केली.

पण भाजीवालीने ती कशी आपलीशी केली, हे पाहण्यासारखे आहे. तिच्या टोपलीशेजारी संकेतचित्राचा फलक उभा आहे, आणि शेजारच्या डब्यात चिल्लरही आहे. गिऱ्हाइकाने नोट दिली तर ती घेते, मोबाइल पुढे केला तर तेही चालते. सोय आणि सक्ती यांतला भेद त्या निरक्षर बाईला कळला. तो आमच्या सुशिक्षित कारभाऱ्यांना कळू नये, याला काय म्हणावे? यूपीआयचा विजय लोकांनी ते स्वेच्छेने स्वीकारले म्हणून झाला. त्या विजयाचा दाखला देऊन सक्ती करणे म्हणजे पोहायला शिकलेल्यांकडे बोट दाखवून बाकीच्यांना विहिरीत ढकलणे होय.

शिवाय ज्यांना पोहता येते त्यांचीही नाव मधूनच बुडते. २६ मार्च २०२५ रोजी आणि पुन्हा १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयची यंत्रणा देशभर कोलमडली, आणि लक्षावधी माणसे पैसे असून निर्धन झाली. इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळात मोबाइलची लहर पोहोचत नाही. गणेशोत्सवात लालबागच्या गर्दीत ती पोहोचूनही उपयोगी पडत नाही. फास्टॅगमधली शिल्लक संपलेली असली की अडसर वर जात नाही. कधी पैसे खात्यातून जातात, पण वाहनतळाच्या नोंदीत उमटत नाहीत, आणि मग ‘तीन ते पाच दिवसांत परत येतील’ असे आश्वासन घेऊन दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. फसवणुकीचे भय निराळेच. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात जानेवारी २०२२ मध्ये पार्किंगचे पैसे भरण्याच्या २९ यंत्रांवर भामट्यांनी आपली संकेतचित्रे चिकटविल्याचे पोलिसांना आढळले. लोक भरवशाने पैसे भरीत होते, आणि ते चोराच्या खात्यात जमा होत होते. कागदाचा एक चिटोरा आणि थोडा डिंक एवढ्या भांडवलावर हा धंदा कोठेही उभा राहू शकतो.

या सर्वांहून मोठी गोष्ट पुढेच आहे. पूर्वी पावतीवाला अडवी, तेव्हा निदान त्याच्याशी भांडता येई. त्याला नाव असे, गणवेश असे, वर कोणी तरी साहेब असे. आता चूक झाली तर भांडावे कोणाशी? वाहनतळावरचा पोरगा ॲपकडे बोट दाखवितो, ॲप बँकेकडे दाखविते, बँक कंत्राटदाराकडे, आणि कंत्राटदार महापालिकेकडे. भ्रष्टाचार काढण्यासाठी आलेल्या यंत्राने उत्तरदायित्वच काढून टाकले! लबाड पावतीवाल्याला शासन करावयाचे ते राहिले बाजूला, आणि भुर्दंड बसला प्रामाणिक नागरिकाला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे.

आता कायद्याचे बोलू. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याचे कलम २६ सांगते की, बँकेची नोट भारतात कोणत्याही ठिकाणी वैध चलन आहे. कोणत्याही ठिकाणी! त्यात गिरगाव आले, दादर आले आणि वाहनतळाचे फाटकही आले. यावर शहाणे म्हणतील की, दुकानदाराने सौदा होण्यापूर्वीच आपली अट सांगितली तर गिऱ्हाइकाने दुसरे दुकान पाहावे. ठीक आहे. पण वाहनतळाचे शुल्क म्हणजे सौदा नव्हे. गाडी उभी राहिली, तास उलटले, आणि देणे उत्पन्न झाले. उत्पन्न झालेले देणे देशाच्या चलनात फेडावयास निघालेल्या माणसाला तसे करू न देणे आमच्या मते कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. आणि येथे घेणेकरी कोणी खाजगी दुकानदार नाही. रस्ता शहराचा, परवाना महापालिकेचा, शुल्कही तिचेच.

त्यातही एक विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात रस्त्यावर बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीला १०,००० रुपयांपर्यंत दंड ठोठावण्याचे धोरण अमलात आणले. हे वाहनतळ उभे कसे राहिले? २००८ साली विकास नियंत्रण नियमावलीत झालेल्या बदलाने बिल्डरांना वाढीव चटईक्षेत्र देण्यात आले, आणि त्याच्या मोबदल्यात असे वाहनतळ शहराच्या पदरात पडले. म्हणजे त्यांची किंमत शहराने आपल्या आकाशाने आणि मोकळ्या हवेने आधीच चुकती केली आहे. हेतू वाईट नव्हता. रस्ते मोकळे व्हावयासच हवेत. पण रस्त्यावर उभे राहाल तर दंड करू, असे एका तोंडाने सांगावयाचे, आणि वाहनतळाच्या दारात ॲप नसेल तर आत घेणार नाही, असे दुसऱ्या तोंडाने म्हणावयाचे, हा कोठला न्याय? जेथे जाण्याची सक्ती आहे तेथे प्रवेशाचे दार सर्वांना उघडे असलेच पाहिजे.

यंत्र आणि माणूस एकत्र नांदू शकत नाहीत काय? या शहरानेच ते करून दाखविले आहे. उपनगरी रेल्वेवर २०१४ च्या अखेरीस मोबाइलवर तिकीट मिळू लागले, पण तिकिटाची खिडकी रेल्वेने बंद केली नाही. बेस्टच्या कंडक्टरने कार्ड घेतले, ॲप घेतले, परंतु उतारूच्या तळहातावरचे नाणे नाकारले नाही. २०२२ च्या डिसेंबरात दादरच्या व्यापाऱ्यांनी महापालिकेच्या सहकार्याने खरेदीला येणाऱ्यांसाठी डिजिटल व्हॅले पार्किंग सुरू केले. त्यातही गाडीची किल्ली हातात घ्यावयास माणूसच होता. परदेशांकडे पाहावयाचे तर तेथेही वारे फिरले आहे. न्यूयॉर्क शहराने २०२० साली दुकानांना रोकड नाकारण्यास बंदी केली. नॉर्वेसारख्या यंत्रप्रिय देशाने ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाचा रोखीचा हक्क कायद्याने अधिक भक्कम केला. ब्रिटनमध्ये गावोगावची नाण्यांची यंत्रे निघू लागली, तेव्हा २०२३ साली तेथल्या मंत्र्याला वृद्धांची वाट बंद करू नका असे नगरपरिषदांना लिहावे लागले. जगातला पहिला पार्किंग मीटर १९३५ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात बसला, तोसुद्धा नाण्यावरच चालत असे!

तेव्हा आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सशुल्क वाहनतळावर रोख रक्कम स्वीकारणारा आणि छापील पावती देणारा एक तरी माणूस असावा. दराचा फलक मराठीत, ठळक आणि दुरून वाचता येईल असा असावा. यंत्रणा बंद पडली तर तिच्या विलंबाचा भार गाडीवाल्यावर पडू नये. तेवढ्या वेळाचे शुल्क माफ व्हावे. संकेतचित्राचे फलक महापालिकेने स्वतः लावावेत आणि ते कोणी बदलले नाहीत ना, याची रोज तपासणी करावी. आणि तक्रार घेऊन कोठे जावे त्या अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी क्रमांक तेथेच लिहिलेला असावा. पावतीवाल्याच्या लबाडीची भीती वाटत असेल तर त्याच्या हाती पावती छापणारे यंत्र द्या, त्याचा हिशेब रोज तपासा, गुन्हा आढळला तर कंत्राट रद्द करा. लबाडाला पकडण्याचे काम महापालिकेचे आहे. ते टाळण्यासाठी नागरिकाच्या नोटेला अस्पृश्य ठरवू नका.

आज वाहनतळाच्या फाटकावर जे घडू दिले जाईल तेच उद्या दवाखान्याच्या खिडकीवर, परवा दाखला देणाऱ्या कचेरीत आणि तेरवा पाण्याच्या बिलाच्या भरणा केंद्रावर घडेल. ज्याच्या हाती अद्ययावत मोबाइल आहे तोच नागरिक आणि बाकीचे उपरे, अशी नवी वर्णव्यवस्था या शहरात कोणी गुपचूप उभी करीत असेल, तर तिला पहिल्याच पायरीवर रोखले पाहिजे. महापालिकेने पैसे घ्यावेत, हिशेब ठेवावा आणि पावती द्यावी. पैसे कोणत्या रूपात द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याचा राहू द्यावा.