शॉक अब्सॉर्बर कोणते घ्यावे?

माझा पुतण्या अमेरिकेंत असतो. त्यानें १९९४ सालची मियाटा ही दोन आसनांची जपानी स्पोर्ट्स गाडी घेतली आहे. “काका, शॉक अब्सॉर्बर बदलावयाचे आहेत, सर्वांत कडक कोणते?” असें तो पत्रांत विचारतो. चूक प्रश्नांतच आहे, आणि ती पुष्कळांची होते. म्हणून उत्तर येथेंच देतों.

गाडीचा भार स्प्रिंग तोलते. परंतु एकदां दबलेली स्प्रिंग वरखालीं डोलतच राहते. तिला आवर घालणें हें शॉक अब्सॉर्बरचें काम. त्यांतील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल रेटतो आणि डोलण्याची शक्ति उष्णतेंत जिरते. तो झिजला कीं चाक उड्या घेऊं लागतें. आणि जें चाक भुईला टेकलेलें नाहीं, त्याचा ब्रेक व्यर्थ होय.

वाजवीपेक्षां कडक शॉक अब्सॉर्बरनेंही हेंच घडतें. खडबडीत रस्त्यावर चाकाला खळग्यांत उतरण्यास अवसरच मिळत नाहीं. म्हणून आधीं स्प्रिंगा पाहाव्या. त्या मूळच्या असतील, तर मूळ जातीचेच बसवावे. पुढें स्प्रिंगा बदलावयाच्या असल्यास डच बनावटीचे ‘कोनी स्पोर्ट’ सोयीचे. त्यांचा कडकपणा कमीअधिक करतां येतो. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगा कापणें मात्र सर्वथा टाळावें. दट्ट्याला खेळ उरत नाहीं. एका आंसावरील दोन्ही शॉक अब्सॉर्बर जोडीनेंच बदलावे.

शेजारच्या आसनावर सूनबाई बसणार आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांना चारी चाकें भुईला असावींत, एवढें त्यानें पाहावें.