कुरकुरणारा टॅकोमीटर

एंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे हें दाखविणारा जो टॅकोमीटर जुन्या मोटारींत असतो, त्याच्या कुरकुरीविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. विषय कांहींसा आडवळणाचा वाटेल. परंतु ज्या घरीं शिवणयंत्र, भिंतीवरचें घड्याळ किंवा विहिरीवरचा रहाट आहे, त्या घरीं यांत सांगितलेली विचाराची रीत उपयोगीं पडल्यावांचून राहणार नाहीं.

वर्धा जिल्ह्यांतील आमचें जाम हें गांव नागपूर-हैदराबाद रस्त्यावर असून चंद्रपूरकडे जाणारा फांटाही येथूनच फुटतो. त्यामुळें बिघडलेलीं वाहनें आमच्या चौरस्त्यावर थांबलेलीं नेहमींच दिसतात. मध्यंतरीं एक गृहस्थ आपल्या दिवंगत वडिलांची एम्. जी. ए. ही दोन आसनांची गाडी घेऊन हिंगणघाटास जात असतां येथें उतरले. १९५५ ते १९६२ या काळांत इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें अशा गाड्या तयार होत. वेग वाढला कीं टॅकोमीटरच्या बाजूनें चिमण्यांसारखा चिंवचिंवाट होई व कांटा थरथरे. "केबल सोडून टाका, कटकट मिटेल," असा सल्ला त्यांना कोठेंसा मिळाला होता. घरची मंडळी म्हणे, जुना काढून विजेवर चालणारा नवा बसवा. वडिलांनीं आयुष्यभर जिच्याकडे पाहिलें ती तबकडी काढणें गृहस्थांच्या जिवावर आलें होतें. आम्हीं म्हटलें, "अहो, आवाज कोठून येतो तें तर आधीं पाहूं!"

या यंत्राची रचना मोठी मौजेची आहे. एंजिनाकडून येणाऱ्या केबलच्या नळींत एक पिळाची तार फिरते. ती टॅकोमीटरमधील लोहचुंबकास फिरविते. चुंबकाभोंवतीं ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाहीं. तरीही फिरणाऱ्या चुंबकामुळें वाटींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ती चुंबकामागें ओढली जाते आणि केसासारखी बारीक कमान तिला आवरून धरते. या ओढाताणींत कांटा जेथें ठरतो तो एंजिनाचा वेग. हा चमत्कार अरागो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२४ च्या सुमारास पाहिला, फॅरडेनें १८३१ नंतर त्याचें कारण सांगितलें आणि ओटो शुल्झे या जर्मनानें १९०२ मध्यें त्यावर वेगमापकाचें पेटंट घेतलें.

आतां निदान. कारण असतां कार्य असणें व कारण नसतां कार्य नसणें, यास आपल्या शास्त्रकारांनीं अन्वय-व्यतिरेक म्हटलें आहे. मोटारीलाही तोच न्याय लागू पडतो. टॅकोमीटरच्या पाठीमागील केबल सोडावी, तिचें टोंक जपून धरावें व एंजिन चालू करावें. आवाज तसाच राहिला तर दोष केबलींत किंवा तिच्या एंजिनाकडील दात्यांत आहे. आवाज थांबला तर टॅकोमीटरवर संशय घ्यावा. मात्र तारेचा तुकडा त्यांत बसवून बोटांनीं फिरवावा व अडखळ लागते कीं काय, हेंही पाहावें.

चौरस्त्यावरील मिस्त्र्यांनीं केबल सोडली. आवाज चालूच राहिला! नळी तबकडीमागें फार आखूड वळणांत कोंबलेली होती आणि आंतील तार ठणठणीत कोरडी होती. तार बाहेर काढून घासलेटनें धुतली, पुसली, कोठें धागा तुटला कीं काय हें बोटांनीं चाचपलें. मग ग्रीसचा पातळ हात फिरविला व नळीस ऐसपैस वळण दिलें. तासाभरांत चिंवचिंवाट गेला, कांटा स्थिर झाला.

येथें एक गोष्ट विसरूं नये. ग्रीस जास्त झालें तर तारेच्या पिळावरून तें टॅकोमीटरमध्यें चढतें व वाटी आणि कमान दोन्ही बिघडवितें. म्हणून तबकडीकडील चारसहा इंच तार जवळजवळ कोरडीच ठेवावी. दोष टॅकोमीटरमध्यें असेल तर आंसाच्या बुशास घड्याळी तेलाचा एकच थेंब पुरे. वाटीला व कमानीला तेलाचा स्पर्शही होऊं देऊं नये. हें काम घड्याळजीच्या हाताचें आहे. शिवाय क्रोनोमेट्रिक जातीचे टॅकोमीटरही जुन्या गाड्यांत असतात. त्यांचा कांटा टप्प्याटप्प्यानें सरकतो व बारीक टिकटिक होते. तो रोग नव्हे, स्वभाव होय.

केबल सोडून टाकण्याचा सल्ला कां वाईट, हेंही सांगितलें पाहिजे. तसें केल्यानें आवाज जातो, पण एंजिनावर अतिरिक्त ताण पडत असल्याची सूचना देणाराही त्याबरोबर जातो. उलट, कुरकुरीकडे दुर्लक्ष केलें तर एक दिवस आंस अडकून तार तुटते किंवा दाते झिजतात, आणि असे जुने सुटे भाग मिळवितांना पुष्कळ यातायात पडते.

गृहस्थ निघतांना मिस्त्र्यांनीं त्यांना बजावलें, "साहेब, वर्षाकाठीं एकदां तार काढून पाहत जा." आमच्या वाचकांनींही घरच्या शिवणयंत्रास नवा पट्टा आणण्यापूर्वीं तेलाची भोंकें साफ आहेत कीं नाहींत, एवढें तरी पाहावें.