मशीन आधीच सांगते, ऐकतं कोण?

भंडारा-तुमसर रस्त्यावर पंक्चरच्या दुकानात गाडीत हवा भरायला थांबलो होतो. काकांनी आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडला. भस्सकन तांबूस पाणी बाहेर आलं. ‘रोज काढता?’ मी विचारलं. ‘त काय! पाणी राहिलं त टाकी आतून सडते न गा. मंग एक दिवस फुटते.’

हवा दाबून थंड झाली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन खाली साचतो, हे आम्ही थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात लिहिलं होतं. मार्कही मिळाले. पण तो कॉक उघडायला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा, तसाच तो मशीनचाही आहे. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड, तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या तिरोड्यात आज ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. यातल्या बऱ्याच ठिकाणी आपलीच पोरं नोकरीला लागतात. तरी कॅम्पसमध्ये ‘मेंटेनन्स’ म्हटलं की तोंडं वाकडी होतात. डिझाईन म्हणजे डोकं आणि मेंटेनन्स म्हणजे ग्रीस, असं आपण ठरवूनच टाकलंय. मला हे साफ चूक वाटतं.

जरा हिशेब करू. वीज केंद्रातली मोठी टर्बाईन मिनिटाला ३००० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ५०. तीन मीटर व्यासावरचं पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ४७० मीटर धावतं, आवाजापेक्षाही वेगात. हा सगळा भार बेअरिंगमधल्या तेलाच्या केसाएवढ्या पातळ थरावर असतो. वीज गेली तरी रोटर लगेच थांबत नाही, कितीतरी मिनिटं फिरत राहतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एक वेगळा तेलपंप ठेवलेला असतो. डिझाईनवाल्यानं तो दिला, पण गरजेच्या क्षणी तो चालेल का, हे वेळोवेळी चालवून बघणाऱ्या माणसावर ठरतं.

कंटाळा केला तर काय होतं? ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात थकव्यानं, म्हणजे धातूच्या फटिगनं, टर्बाईनची पाती तुटली. हादऱ्यांमुळे जनरेटरचा हायड्रोजन बाहेर आला, आग लागली, केबल जळाल्या आणि केंद्र जवळपास १७ तास विजेविना राहिलं. ऑपरेटर शुद्धीवर होते म्हणून मोठा अनर्थ टळला. रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्राचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. १७ ऑगस्ट २००९ ला दोन नंबरची टर्बाईन झाकणासकट उखडली, ७५ माणसं गेली. झाकणाचे ४९ बोल्ट तपासले, तर ४१ मध्ये फटिगच्या भेगा निघाल्या. त्या टर्बाईनची कंपनं आधीपासून वाढत होती. म्हणजे मशीन बोलत होती.

आता माझी गोष्ट. ट्रेनिंगला एका कारखान्यात होतो. कॉम्प्रेसरची लॉगशीट दर तासाला भरायची. तिथं शिफ्ट सुरू होतानाच आठही तासांचे आकडे लिहून मोकळे व्हायचे. तेलाचा दाब सकाळपासून संध्याकाळपर्यंत अगदी सारखा! दोन दिवसांनी मीही तेच केलं. काही झालं नाही. घात इथेच आहे, कारण बहुतेक वेळा काहीच होत नाही.

‘बोलणं सोपं आहे भाऊ. बारा हजारांच्या ठेक्यावरचा पोरगा मशीन बंद करा म्हणेल, तर दुसऱ्या दिवशी तोच बंद होईल,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणून हा सगळा भार एकट्या फिटरवर टाकून चालणार नाही. कंपन मर्यादेबाहेर गेलं की मशीन थांबवायचा अधिकार शिफ्टवरच्या माणसाला लेखी हवा आणि थांबवल्याबद्दल त्याला मेमो मिळता कामा नये. आज रात्रभर जागून तुटलेली मशीन सुरू करणाऱ्याचा सत्कार होतो. ती तुटूच न देणाऱ्याचं नावही कुणाला माहीत नसतं.

आपल्या बाजूनंही काही करता येईल. आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनीअरिंग, कुठंही असा, लॅबमध्ये कंपन मोजायचं साधं यंत्र मागा. बेअरिंग खराब होताना आवाज कसा बदलतो ते कानानं ऐका. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. भांडं वाजवलं की चीर कळते, हे इथल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिस हे त्याच कानाचं शास्त्र आहे, आणि ते येणाऱ्याला कारखान्यात किंमत आहे.

आणि पुढच्या कॅम्पस इंटरव्ह्यूत पॅकेज विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा, ‘सर, तुमच्याकडे मशीन बंद करायचा अधिकार कुणाला आहे?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, तर लॉगशीट कशी भरली जाते तेही समजून घ्या.