खानदेशच्या चार जागा आणि नकाशाची रेघ

लोकसभेची पुढील सार्वत्रिक निवडणूक नियमाप्रमाणे २०२९ मध्ये व्हावयाची आहे. तोवर अवकाश आहे, असे मानून तालुका कचेऱ्यांना कुलपे लावण्याची जुनी खोड पुरोगामी पक्षांत पुन्हा दिसू लागली आहे. प्रस्थापितांच्या घरी मात्र अशी सुट्टी कधीच नसते. उमेदवार कोण, हा प्रश्न ते सर्वांत शेवटी सोडवतात; मतदारसंघ कसा असेल, यादीत कोण असेल आणि जागा कोणासाठी राखीव असेल, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने पहिले असतात. नंदुरबार, धुळे, जळगाव व रावेर या खानदेशच्या चार जागांचा विचार कार्यकर्त्यांनी आजच करावयाचा, तो याच कारणासाठी.

मतदारसंघांची फेररचना हा कायदेपंडितांचा विषय आहे, असा एक गैरसमज आहे. आणीबाणीत, १९७६ साली, ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आली. २००२ मध्ये ८४व्या दुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या. पण राज्याच्या आतील रेघा २००८ मध्ये बदलल्या, आणि त्यांचा सर्वांत खोल परिणाम ज्यांवर झाला त्यांत खानदेशचा आदिवासी होता. २००४ च्या निवडणुकीपर्यंत धुळे व नंदुरबार या दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होत्या. नव्या रचनेत साक्री व शिरपूर हे विधानसभा मतदारसंघ अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार व नवापूर यांच्या जोडीला गेले आणि धुळे खुले झाले. सातपुड्यापासून साक्रीच्या डोंगरापर्यंतचा आदिवासी एका जागेत बांधला गेला. पूर्वी त्याचे दोन खासदार दिल्लीला जात, आता एक जातो. या बदलावर त्या वेळी किती गावसभा झाल्या? किती पाड्यांवर नकाशा उलगडून दाखविला गेला? पुरोगामी पक्षांनी हरकतींची मुदत उलटू दिली आणि पुढे भाषणांतून हळहळ व्यक्त केली, एवढेच फार तर म्हणता येईल.

धुळे मतदारसंघाचे दुसरे अंग याहून नाजूक आहे. धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा यांना नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण हे तीन मतदारसंघ जोडलेले आहेत. २०२४ मध्ये काँग्रेसच्या श्रीमती शोभा बच्छाव यांनी भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. भाजप पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होता. एकट्या मालेगाव मध्यने एक लाख नव्वद हजारांहून अधिक मतांची आघाडी देऊन निकाल फिरविला. मालेगाव मध्य म्हणजे यंत्रमागांचे मालेगाव, रात्रपाळीत खटखटणाऱ्या मागांवर पोट भरणारा मुसलमान विणकर. त्याच्या एकगठ्ठा मतदानाला सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी ‘व्होट जिहाद’ असे नाव दिले. गावोगावच्या सहकारी बँका, साखर कारखाने आणि जातीच्या बैठका यांतून जे एकगठ्ठा मतदान होते, त्याला मात्र अद्याप असे कोणतेही नाव मिळालेले नाही! पुढील फेररचनेत मालेगाव मध्यचे काय होते, ते दोन भागांत चिरले जाते की जेथे त्याच्या मताला वजनच राहणार नाही अशा ठिकाणी जोडले जाते, हे पाहण्याची जबाबदारी एकट्या विणकरांवर टाकता येणार नाही. ३,८३१ मतांचा फरक नकाशावरील एका बोटभर रेघेने पुसता येतो, आणि त्यासाठी कोणाला मतपेटीला हातही लावावा लागत नाही.

जळगाव व रावेर येथील चित्र वेगळे आहे. दोन्ही ठिकाणी २०२४ मध्ये भाजपच्या श्रीमती स्मिता वाघ आणि श्रीमती रक्षा खडसे अडीच लाखांच्या वर मताधिक्याने विजयी झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातील अकराही जागा महायुतीकडे गेल्या. धुळे जिल्ह्यातील पाचही. लोकसभेत खानदेशच्या चारपैकी दोन जागा जिंकलेल्या विरोधी पक्षांकडे सहा महिन्यांच्या आत तिन्ही जिल्ह्यांत मिळून काँग्रेसचे नवापूर तेवढे उरले. याचे खापर फक्त ‘लाडकी बहीण’ योजनेवर फोडणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. ज्या बाईला महिना पंधराशे रुपये हे पहिलेच स्वतःच्या नावावरचे उत्पन्न वाटले, तिच्या आयुष्यात त्याआधी पुरोगामी पक्षांनी काय आणले होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

एक विलक्षण गोष्ट येथे नोंदवावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून सात स्त्रिया लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांपैकी तीन खानदेशातून. म्हणजे १०६व्या घटनादुरुस्तीने २०२३ मध्ये जे एकतृतीयांश आरक्षण देऊ केले आणि जनगणना व फेररचना यांच्या खुंटीला टांगून ठेवले, त्याच्या कितीतरी पुढे हा प्रदेश आरक्षणाविना गेला आहे. तरीही कपाशी वेचणाऱ्या बाईची मजुरी गावच्या ओट्यावरच ठरते, आणि ती पुरुषाच्या मजुरीपेक्षा कमीच ठरते. संसदेत स्त्री जाणे आवश्यक आहे, यात शंका नाही; पण शेतमजूर स्त्री ही उमेदवार म्हणून कोणत्याही पक्षाच्या यादीत दिसत नाही, आणि त्यात पुरोगामी पक्षांच्या याद्याही आल्या.

आता नशिराबादकडे पाहावे. जळगाव आणि भुसावळ यांच्या मधोमध, महामार्गावर वसलेले हे जुने गाव. एका बाजूला टोलनाका, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा कारखाना, सभोवती कापूस आणि केळी. शेतकरी, सालदार, हमाल, विणकरांचे वंशज आणि औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जाणारी मुले असे सगळे येथे एका वस्तीत नांदतात. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. गाव शहर झाले म्हणून फटाके वाजले असतील. पण केंद्राच्या कायद्याने दिलेली रोजगाराची हमी ग्रामीण क्षेत्रापुरती आहे, हे मजुराला कोणी सांगितले? शेतात राबणारा माणूस कागदावर नागरी झाला, त्याचे हात तेच राहिले. महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून देशाला रोजगार हमीची वाट दाखविली. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला, त्यात कामाचे दिवस १२५ केले, पण खर्चाचा चाळीस टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर टाकला. लोकसभेच्या प्रचारात हा विषय नशिराबादच्या चौकात मांडता येत नसेल, तर मग मांडावयाचे तरी काय?

कापसाचेही तसेच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आयात कापसावरील अकरा टक्के शुल्क माफ केले आणि ही माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. म्हणजे खानदेशातील शेतकऱ्याचा माल बाजारात येण्याच्या ऐन हंगामात. या निर्णयाचा जाब ज्यांना विचारावयाचा ते खासदार याच मतदारसंघांतून गेलेले आहेत. जाब विचारण्याचे खालचे व्यासपीठही याच काळात मोडून पडले होते. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली व तेथे प्रशासक बसला. सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी, चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे राज्याला बजावावे लागले, आणि तरीही ते वर्ष तसेच सरले.

१९७७ चा दाखला या पानावर वारंवार दिला जातो. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेस २० जागांवर आली. जळगावला यशवंत बोरोले आणि एरंडोलला सोनूसिंग पाटील जनता पक्षातर्फे विजयी झाले. पण त्याच लाटेत नंदुरबार काँग्रेसकडेच राहिले, हे सांगितले जात नाही. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी जमिनीचा व मजुरीचा जो लढा उभारला होता, त्याला तेव्हा पाच-सहा वर्षे झाली होती, आणि अंबरसिंग १९७४ मध्येच गेले होते. डहाणूला मात्र लहानू कोम लाल बावट्यावर निवडून आले. त्यांच्या मागे १९४५ च्या वारली उठावापासूनचे तीन दशकांचे संघटन होते. लाट दोन्हीकडे एकच होती. एकीकडे तिला धरून ठेवणारी पाड्यापाड्यावरची समिती होती, दुसरीकडे नुसती सभा होती.

म्हणून कामाची सुरुवात मतदार यादीपासून व्हावी. बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, ही बातमी सातपुड्यातून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोचलेली नाही. ही कुटुंबे दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. घरी कुलूप पाहून अधिकारी ‘स्थलांतरित’ असा शेरा मारतो आणि नाव जाते. प्रत्येक तालुका समितीने हंगाम सुरू होण्यापूर्वी अशा कुटुंबांची पाडावार नोंद करावी, कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि फेररचनेचा मसुदा प्रसिद्ध होताच हरकती दाखल करता येतील अशी माणसे धुळे, मालेगाव व शहादा येथे आजच नेमावीत. आघाडीत कोणाला कोणती जागा सुटते, याची चर्चा मुंबईत होईल तेव्हा होईल. यादीतले नाव परत आणण्याची मुदत मात्र मुंबईच्या बैठकीसाठी थांबत नाही.