लाल रेघेचा अर्थ सांगा

पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर ठरलेली मागणी सुरू होते, "सर्दी-तापावर काहीतरी स्ट्राँग द्या." कात्री चालते, अ‍ॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाच्या चार सुट्या गोळ्या हातात पडतात, औषधाचे नाव आणि मुदत बहुधा दुकानातल्या पट्टीवरच राहते. बरे वाटले की उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात जातात, पुढे घरातल्या दुसऱ्या कुणासाठी. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, तिथे प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नाही, हे रुग्णाला कुणी सांगितलेलेच नसते. अशा वापरातून औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे टिकतात आणि फैलावतात. मग नवजात बाळाच्या जंतुसंसर्गापुढे डॉक्टरही हतबल होतात.

नियम आहेत. २०१४ पासून, काही प्रतिजैविके ज्यात येतात त्या अनुसूची एच-१ मधल्या औषधांच्या विक्रीची, रुग्णाच्या नावासह, वेगळी नोंद दुकानदारावर बंधनकारक आहे. २०१६ मध्ये केंद्राने पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीमही काढली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, एवढाच त्या रेघेचा अर्थ. पण तो घरोघरी पोहोचलेला नाही. केरळने २०२४ मध्ये चिठ्ठीविना विक्री करणाऱ्या दुकानांवर छापे घातले आणि प्रतिजैविके चटकन ओळखू यावीत म्हणून निळी पाकिटे आणली. महाराष्ट्राला हे सहज जमण्यासारखे आहे. गोळी किती दिवस घ्यायची, हे चिठ्ठीवर मराठीत लिहायला डॉक्टरांनी आणि लाल रेघ घराघरांत दाखवायला आशा सेविकांनी याच पावसाळ्यात सुरुवात करावी. सेविकांना त्याचा वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे.