पाण्याचें पंचांग

सुखसोयींनीं युक्त अशा नौकेंत बसून दिवसभर समुद्रावर हिंडावें, जेवणखाण बसल्या जागीं व्हावें आणि सूर्यास्ताच्या सुमारास पुन्हां धक्क्यावर उतरावें, ह्या सुखाची ओढ आतां आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांनाही लागली आहे. त्यांत आम्हांला वावगें कांहींच दिसत नाहीं. ज्यांच्या आजीआजोबांनीं तीर्थयात्रेखेरीज घर सोडलें नाहीं त्या नातवंडांनीं जग पाहावें, हें योग्यच होय. परंतु पैसे मोजून घेतलेला दिवस सर्वस्वीं आपल्या मालकीचा झाला, अशी एक समजूत अशा सफरींत नकळत मनांत शिरते. ती किती पोकळ आहे हें व्हिएतनामच्या ईशान्य कोपऱ्यांतील हालाँग उपसागराइतकें स्पष्टपणें दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. म्हणून त्या उपसागरांत घालविलेल्या एका दिवसाविषयीं ह्या महिन्यांत लिहीत आहों.

हनोई शहरापासून हें ठिकाण सुमारें दीडशें किलोमीटर असून नव्या हमरस्त्यानें मोटार अडीच तासांत तेथें पोंचते. उपसागराचें क्षेत्र १५५३ चौरस किलोमीटर, आणि त्यांत लहानमोठीं १९६९ बेटें. युनेस्कोनें १९९४ सालीं ह्या स्थळाचा समावेश जागतिक वारशांत केला, तो त्याच्या सौंदर्यासाठीं. पुढें २००० सालीं भूशास्त्रीय महत्त्वासाठींही केला. आणि २०२३ सालीं शेजारचा काट बा द्वीपसमूह त्याला जोडण्यांत आला. 'हा लाँग' ह्या शब्दांचा अर्थ 'खालीं उतरणारा ड्रॅगन', म्हणजे तिकडच्या पुराणकथांतील दिव्य महासर्प. शत्रूचीं गलबतें चालून आलीं असतां एक ड्रॅगनमाता पिलांसह स्वर्गांतून उतरली, तिनें मुखांतून रत्नें टाकलीं, आणि त्या रत्नांचीं हीं बेटें झालीं, अशी दंतकथा आहे.

नौका तीन मजल्यांची, पांढऱ्या रंगाची. मधल्या मजल्यावर मोठमोठ्या कांचांच्या खिडक्या असलेली भोजनशाळा, वरच्या डेकवर टेकून बसण्याच्या खुर्च्या. सकाळीं धक्का सुटला कीं अर्ध्याएक तासांत पहिलीं बेटें जवळ येऊं लागतात. प्रथम तीं धुरकट निळ्या भिंतीसारखीं दिसतात. मग भिंत फुटते, आणि एकेक सुळका पाण्यांतून सरळ उभा राहिलेला दिसतो. माथ्यावर झाडी, कडा उघडा, आणि पायथ्याशीं किनारा म्हणून बहुधा नाहींच. धूपदानीच्या आकाराचा एक लहानसा खडक येथें आहे. त्याचें चित्र व्हिएतनामच्या दोन लाख डाँगच्या नोटेवर छापलेलें असल्यामुळें जो तो खिशांतील नोट काढून ताडून पाहतो.

शाकाहारी वाचकांसाठीं एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. त्या देशांत बौद्ध परंपरेमुळें शाकाहार ठाऊक आहे, आणि त्याला 'आन चाय' असें म्हणतात. ह्या 'चाय'चा आपल्या चहाशीं संबंध नाहीं. तिकीट घेतांनाच हा शब्द लिहून द्यावा. कारण माशांपासून केलेला 'नुओक माम' नांवाचा खारट रस भाजीच्या पदार्थांतही घालण्याची तेथें रीत आहे, आणि आयत्या वेळीं सांगून आचाऱ्याचाही निरुपाय होतो. आधीं सांगितल्यास टोफू, अळंबीं, पालेभाज्या आणि भात असें चांगलें जेवण मिळतें.

आतां ह्या बेटांची घडण. आपला सह्याद्रि अग्निजन्य काळ्या पाषाणाचा. हा प्रदेश चुनखडीचा. तीस कोटि वर्षांमागें येथें उथळ, उबदार समुद्र होता. त्यांतील शंखशिंपल्यांचे व इतर सूक्ष्म जीवांचे सांगाडे थरावर थर सांचून हा दगड झाला, आणि भूकवचाच्या हालचालींनीं तो वर उचलला गेला. पुढचें काम पावसानें केलें. पावसाच्या पाण्यांत हवेंतील व मातींतील कार्बन डायॉक्साइड विरघळला म्हणजे तें किंचित् आम्ल होतें, आणि असें पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवितें. भेगांतून शिरून त्यानें दऱ्या रुंद केल्या, पोटांत गुहा कोरल्या, आणि सुळके तेवढे उभे ठेवले. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या ऐन भरांत, समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. त्या काळीं हा सारा भाग कोरडी भूमि होता. हिम वितळलें, समुद्र वर आला, आणि दऱ्या बुडून डोंगरांचे माथे तेवढे बेटें म्हणून उरले. आपण नौकेंतून जातों तें खरोखर एका बुडालेल्या खोऱ्यावरून जातों.

बो हॉन बेटावरील सुंग सोत नांवाच्या गुहेंत हें पाण्याचें काम आंतून पाहावयास मिळतें. फ्रेंचांनीं १९०१ सालीं हिला 'आश्चर्यांची गुहा' असें नांव दिलें. छतांतून झिरपणाऱ्या थेंबांनीं मागें ठेवलेल्या चुन्याचे अधोमुख स्तंभ वरून लोंबतात, आणि त्यांखालीं ऊर्ध्वमुख स्तंभ उभे असतात. आपल्याकडील वेरुळचीं लेणीं माणसानें छिन्नीनें कोरलीं. येथें छिन्नी थेंबाची आहे, आणि तो कारागीर अजून कामावर आहे.

ह्याहूनही आम्हांला लक्षणीय वाटलें तें बेटांच्या पायथ्याशीं. जवळजवळ प्रत्येक बेटाचा कडा पाण्याच्या रेषेवर आंत खाल्लेला असतो, जणूं कोणी कमरेशीं करकचून दोरी बांधली आहे. ही खांच भरतीओहोटीनें पाडलेली. आणि येथील भरतीओहोटी ही एक जगावेगळी गोष्ट आहे. कोंकण किनाऱ्यावर दिवसांतून दोनदां भरती येते, अमावास्यापौर्णिमेस उधाण येतें आणि अष्टमीच्या सुमारास भांग पडते, हें तेथील लहान मुलालाही ठाऊक असतें. टाँकिनच्या आखातांत मात्र साधारणपणें चोवीस तासांत एकच भरती आणि एकच ओहोटी. पाणी बारा तास चढत राहतें व बारा तास उतरत राहतें. मोठ्या भरतीच्या दिवशीं तीन ते चार मीटरांचा फरक पडतो.

ह्या चमत्कारानें युरोपांतील पंडितांनाही कोड्यांत टाकलें होतें. सतराव्या शतकांत फ्रान्सिस डेव्हनपोर्ट ह्या इंग्रज गृहस्थानें टाँकिन येथें केलेल्या नोंदी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत १६८४ सालीं प्रसिद्ध झाल्या, आणि धूमकेतूमुळें ज्याचें नांव सर्वांना माहीत आहे त्या हॅलीनें त्यांवर विवेचन केलें. १६८७ च्या आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथांत न्यूटननेंही ह्या बंदराचा विचार केला आहे. दोन निरनिराळ्या मार्गांनीं येणाऱ्या भरत्या एकमेकींस छेदून टाकीत असाव्यात, असें त्याचें अनुमान होतें. आजचे शास्त्रज्ञ म्हणतात कीं, ह्या आखाताचा आकार व खोली अशी आहे कीं दिवसांतून एकदां येणाऱ्या लाटेला तें झोपाळ्यासारखी साथ देतें, आणि दोनदां येणारी लाट तेथें दुबळी पडते.

गंमत अशी कीं, ह्या भरतीचें गणित आपल्या जुन्या ज्योतिष्यांस सहज उमगलें असतें. तेथील पाणी मुख्यतः तिथीवर चालत नाहीं, तर चंद्राच्या क्रांतीवर चालतें. चंद्र विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस जितका अधिक दूर, तितकी भरती मोठी. आणि तो विषुववृत्त ओलांडतो त्या सुमारास पाणी जवळजवळ निश्चल राहतें. सुमारें चौदा दिवसांनीं हें चक्र फिरून येतें.

हें पंचांग पुस्तकांतलें नव्हे, तें दिवसभर हातापायांशीं येतें. बो हॉन बेटालाच लुऑन नांवाची एक जलगुहा आहे. कड्याच्या पायथ्याशीं एक ठेंगणी कमान, तिच्याखालून वेताच्या लहान होडींतून आंत गेलें कीं चारी बाजूंनीं कड्यांनीं वेढलेलें शांत, हिरवें तळें. मोठी नौका बाहेरच थांबते. आमच्या होडींतील एका सहप्रवाशानें आंत आणखी थोडें थांबूं या असा आग्रह धरला. वल्हें मारणाऱ्या बाईनें उत्तर न देतां खडकाला चिकटलेल्या कालवांच्या पट्ट्याकडे वल्ह्यानें खूण केली. आम्ही आंत शिरलों तेव्हां तो पट्टा उघडा होता. आतां त्याची खालची कड बुडाली होती. पाणी चढत होतें आणि कमान खालीं येत होती. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

ज्यांनीं हें पंचांग ओळखलें त्यांनीं इतिहासही घडविला आहे. उपसागराच्या पश्चिमेस बाख दांग नदीचें मुख आहे. १२८८ सालीं कुब्लाई खानाच्या आरमाराविरुद्ध सेनापति त्रान हुंग दाओ ह्यानें ह्या नदीच्या तळांत लांकडी सुळ रोविले. भरतीच्या पाण्यानें ते झांकले गेले असतां त्यानें शत्रूला हूल देऊन आंत ओढलें. ओहोटी लागतांच परत फिरणारीं जड जहाजें त्या सुळांवर अडकलीं आणि आरमाराचा नाश झाला. उपसागरांतील दाउ गो ह्या गुहेचें नांव त्याच लांकडी खुंट्यांवरून पडल्याचें सांगतात. खानाच्या पदरीं जहाजें पुष्कळ होतीं. पण पाणी त्याच्या आज्ञेंत नव्हतें.

आणि ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या हें पंचांग जगून पाहिलें, त्यांची हकीगत अधिक विचार करावयास लावणारी आहे. कुआ वान, वुंग व्हिएंग अशीं तरंगतीं गांवें ह्या बेटांच्या आडोशाला होतीं. तराफ्यांवर घर, तराफ्यावरच शाळा, खालीं जाळ्यांत मासे. २०१४ सालीं सरकारनें ह्या वस्त्यांतील शेंकडों कुटुंबांना किनाऱ्यावर घरें देऊन हलविलें. मुलांना नीट शिक्षण, आजाऱ्याला दवाखाना, वादळापासून संरक्षण आणि उपसागराची स्वच्छता, अशीं त्यामागचीं कारणें. तीं खोटीं म्हणतां येणार नाहींत. आपलें मूल तराफ्यावर वाढावें असें आपल्यापैकीं कोणी म्हणेल काय? परंतु ज्याला मासेमारीखेरीज दुसरी विद्या नाहीं त्याला जमिनीवर पोट भरणें सोपें गेलें नाहीं, आणि कित्येक जण पुन्हां पाण्यावर आले, ते प्रवाशांच्या होड्या वल्हविण्यासाठीं. त्यांचें घर गेलें, त्याच जागीं आपली सफर आली. ही गोष्ट मनांत ठेवून जो होडींत बसेल, तो वल्हें मारणाऱ्याशीं घासाघीस करणार नाहीं, आणि रिकामी बाटली पाण्यांत टाकणार नाहीं. एकदां वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकला तेथील नौकांवर २०१९ पासून बंदी आहे. पण बंदीपेक्षां लाज अधिक उपयोगी पडते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुपारीं ती तोप बेटाच्या सुमारें चारशें पायऱ्या चढून वरून पाहिलें असतां हा उपसागर एखाद्या तळ्यासारखा निरुपद्रवी दिसतो. सोव्हिएट अंतराळवीर घेर्मान तितोव्ह हा १९६२ सालीं हो ची मिन्ह ह्यांच्यासह येथें आला होता. त्याचेंच नांव ह्या बेटाला दिलें आहे. परंतु सप्टेंबर २०२४ मध्यें यागी नांवाच्या चक्रीवादळानें ह्याच किनाऱ्यावर कित्येक पर्यटकनौका बुडविल्या; आणि १९ जुलै २०२५ रोजीं दुपारीं एकाएकीं उठलेल्या तुफानांत प्रवाशांनीं भरलेली एक नौका उलटून पस्तीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत लहान मुलेंही होतीं. तीं कुटुंबें आपल्यासारखींच सुटीचा दिवस घालवावयास निघालीं होतीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. जून ते सप्टेंबर हा वादळांचा काळ टाळावा. एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने बरे. हिवाळ्यांत धुकें व रिमझिम असते, पण धुक्यांतील बेटांनाही स्वतःची शोभा आहे. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीं सफर ठेवूं नये, एक दिवस हातीं राखावा. नौकेवर चढतांच प्राणरक्षक जाकिटें कोठें आहेत हें पाहावें, आणि मुलांना तीं घालावयास लावावींत. बंदराचे अधिकारी वाईट हवेंत नौकांना सुटण्याची परवानगी नाकारतात. अशा वेळीं "आम्ही इतक्या दुरून आलों, पैसे भरले" असा कलह करणारांत आपला आवाज नसावा. 'आज नाहीं' असें म्हणणारा नाखवा हाच त्या सफरींतला आपला सर्वांत मोठा हितकर्ता होय. घरांतील मंगलकार्यासाठीं आपण मुहूर्त पाहतों आणि तो नसेल तर थांबतों. समुद्रावर जातांना समुद्राचा मुहूर्त पाहण्यांत आपल्याला कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. मऊ खुर्ची, कांचेची खिडकी आणि ऊन ऊन जेवण हीं सुखें पैशानें मिळतात व तीं जरूर घ्यावींत. दिवस मात्र पाण्याचाच असतो; त्यांतले कांहीं तास तें आपल्याला देतें.