संप मिटल्याची तारीख कोणती लिहायची?

बारावीच्या मराठी ‘युवकभारती’त उपयोजित मराठीच्या भागात अहवालाचा धडा आहे. वर्गात त्याचा सराव बहुधा स्नेहसंमेलनावर किंवा वृक्षारोपणावर होतो. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, आभार मानून सांगता झाली. कार्यक्रम झालाच नसला तरी हा अहवाल पैकीच्या पैकी गुण मिळवतो. म्हणून घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या शाळांनी आपल्याच वस्तीच्या स्थलांतरावर अहवाल लिहून घ्यावेत, ही सूचना मला पटते. पूर्णपणे नव्हे.

कोकणातून माणसं गिरणगावात आली, गावकीच्या खोलीत पाठ टेकली. पुढे अनेकांची बिऱ्हाडं उपनगरांत सरकली. ग्रामस्थ मंडळांच्या सभांची इतिवृत्तं, वर्गणीच्या नोंदी, जमाखर्च हे अहवालाचं अस्सल साहित्य. आठवण आणि नोंद जुळत नाही तिथे तर खरा अभ्यास सुरू होतो. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. नेते डॉ. दत्ता सामंत, कामगार सुमारे अडीच लाख. मग तो संपला कधी? तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबा म्हणतील, ‘संप अजून चालूच आहे.’ त्यांचं म्हणणं त्यांच्या नावावर लिहायचं, माणसं कामावर कधी परतली ते वेगळं शोधायचं आणि सांगतेची तारीख रिकामी सोडायची. स्नेहसंमेलनाच्या अहवालात असा पेच कधी पडत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडी साक्षींवरच गिरणगावाचा इतिहास उभा केला, तेव्हा अशा साक्षींना कमी लेखण्याचं कारण नाही.

तरी विरोधकांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. वर्गात मंडळवाल्यांच्या नातवंडांशेजारी दुष्काळाने मराठवाडा सोडलेल्यांची मुलं बसतात, आणि झोपडी तुटल्यावर तिसऱ्यांदा घर बदललेलीही. ‘तुमचं कुटुंब मुंबईत का आलं?’ या प्रश्नाला कर्ज, जात किंवा घरातली मारहाण असंही उत्तर असू शकतं. ते वहीत मागायचं आणि वर लाल पेनाने दहापैकी सहा द्यायचे, हे मला मान्य नाही. वाढीव तपासणीची शिक्षकांची तक्रारही खरी आहे, पण ती पाच-सहा मुलांच्या गटाला मिळून एक अहवाल दिला की बरीच निवळेल.

दुसरा धोका आपल्या स्थलांतराच्या अभिमानाचा. १८६५ साली ‘मिमोसा’ जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाला गेली. आपली भाषा टिकवायला गेलेल्या या लोकांची कहाणी रंगवताना तिथे आधीपासून राहणारे तेहुएल्चे सहज कडेला जातात. आपल्याकडे अंधेरी-बोरिवलीच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन आणि किनाऱ्यावरचे कोळी यांचं तेच होईल. ‘आपण आलो तेव्हा इथे कोण होतं?’ हे कलम प्रत्येक अहवालात सक्तीचं हवं.

माझा कौल असा: विषय घर नको, संस्था हवी. ग्रामस्थ मंडळ, महिला मंडळ, भजनी मंडळ, गावठाणातली एखादी संस्था, काहीही चालेल. घरची हकिगत सांगणं ऐच्छिक, बिनगुणांचं. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत यातलं काही बसणार नाही, त्यामुळे सुरुवात नववीच्या सहामाहीनंतर, गुणांची घाई नसते तेव्हा करावी.